सोळा तासांची निविदा: बांधकाम व्यवस्थापनाच्या विद्यार्थी-स्पर्धा कुठून आल्या

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात रेनो आणि स्पार्क्स ही जोडशहरे आहेत. तिथे दर फेब्रुवारीत अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी हॉटेलच्या खोल्यांत स्वतःला कोंडून घेतात. पहाटे सहाच्या सुमारास प्रत्येक संघाच्या हातात एका प्रकल्पाचा गठ्ठा पडतो. त्यात नकाशे, स्पेसिफिकेशन (साहित्य आणि कामाच्या दर्जाच्या लेखी अटी), कराराचा मसुदा, माती परीक्षणाचा अहवाल आणि काय काय सादर करायचे याची यादी असते. संघात सहा जण असतात. रात्री दहाच्या सुमारास किंमत, वेळापत्रक, साइटचा आराखडा, सुरक्षा योजना आणि मालकाला लिहिलेले पत्र जमा करावे लागते. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर उभे राहून त्याच कागदांचे समर्थन करायचे असते.

असोसिएटेड स्कूल्स ऑफ कन्स्ट्रक्शन, म्हणजे एएससी, या संघटनेच्या सहाव्या आणि सातव्या विभागांची ही स्पर्धा 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. अशा स्पर्धांपैकी सर्वांत जास्त बोलबाला हिचाच. मात्र तिचा साचा तिथे जन्मलेला नाही. सोळा तासांचा दिवस, बंद खोली, मध्येच येणारे शुद्धिपत्रक, मिनिटाचाही उशीर न खपणे हे सगळे कंत्राटदाराच्या कचेरीतून उचललेले आहे. म्हणून या स्पर्धांचा इतिहास पाहायचा तर अमेरिकेत बांधकामाचे काम कंत्राटदाराला कसे मिळत गेले, तिथून सुरुवात करावी लागते.

त्याआधी एक फरक. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत डोळ्यांना दिसणारी वस्तू असते. इलिनॉय विद्यापीठात क्लाइड केसलर यांच्या विद्यार्थ्यांनी काँक्रीटची होडी केली आणि 1971 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या होडीशी तिची शर्यत लावली. 1988 पासून ही स्पर्धा राष्ट्रीय पातळीवर होते. पोलादी पुलाच्या स्पर्धेत पूल प्रत्यक्ष जोडतात, त्यावर वजन ठेवतात आणि तो किती वाकला हे मोजतात. बांधकाम व्यवस्थापनाच्या स्पर्धेत असे काहीच उभे राहत नाही. सगळे कागदावर, आणि सगळ्यात वर एक आकडा. बाहेरच्या माणसाला ती कंटाळवाणी वाटते ती त्यामुळेच.

फ्लोरिडा विद्यापीठात इमारत बांधकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम 1935 मध्ये सुरू झाला. अभियांत्रिकीपेक्षा वेगळी अशी ही पदवी देणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विभागांत त्याची गणना होते. त्याच वर्षी मिलर कायदा आला. संघराज्य सरकारची कामे घेणाऱ्या कंत्राटदाराने काम पूर्ण करण्याची आणि मजूर-पुरवठादारांचे पैसे देण्याची हमीपत्रे द्यावीत, हे त्याने बंधनकारक केले. दोन गोष्टींचा थेट संबंध नाही, तरी काळाचा कल त्यांतून दिसतो. हमी देणारी कंपनी कंत्राटदाराचे हिशेब तपासणार, म्हणजे अंदाजपत्रक नीट मांडता येणारा माणूस लागणार. सरकारी काम सीलबंद निविदेने, सर्वांत कमी रकमेला जाई. चुकून कमी रक्कम भरली की काम मिळे आणि तोटाही. जास्त भरली तर नुसतेच हात हलवत परत. सुरुवातीच्या अभ्यासक्रमांचा भर त्यामुळे मोजमाप आणि दर यांवर होता.

वेळापत्रक नंतर आले. 1957 पासून ड्यूपाँ कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ पद्धत विकसित केली: कोणती कामे उशिरा झाली तर सगळा प्रकल्पच लांबतो, ते गणिताने शोधायचे. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच नियोजन पद्धत वापरली. दोन्हींना त्या काळचे अवाढव्य संगणक लागत. 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फॉन्डाल यांनी हीच गणिते संगणकाशिवाय कागदावर कशी करायची ते दाखवले, आणि ही पद्धत वर्गात शिरली.

बोली लावण्याचेही शास्त्र होऊ लागले. लॉरेन्स फ्रीडमन यांनी 1956 मध्ये मांडले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला हरवण्याच्या शक्यता एकमेकींनी गुणल्या की काम मिळण्याची शक्यता मिळते. तीन प्रतिस्पर्धी आहेत आणि प्रत्येकाला हरवण्याची शक्यता 0.6 आहे, तर उत्तर 0.216 येते. मार्विन गेट्स यांनी 1967 मध्ये वेगळे सूत्र दिले, त्याने याच उदाहरणाचे उत्तर 0.33 येते. कोण बरोबर, यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. बाजारात बसलेल्या अंदाजकाराने दोघांकडेही फारसे लक्ष दिले नाही. पण बोली हा डाव आहे आणि तो वर्गात खेळून शिकवता येतो, ही कल्पना मात्र रुजली. 1969 मध्ये टंग ऑ आणि सहकाऱ्यांनी बांधकाम व्यवस्थापनाचा खेळ प्रसिद्ध केला. पाठोपाठ इलिनॉय विद्यापीठात डॅनियल हाल्पिन आणि रोनाल्ड वुडहेड यांनी संगणकावर चालणारा खेळ केला. आजच्या स्पर्धांचे हे खरे पूर्वज. फरक इतकाच की खेळातला प्रकल्प काल्पनिक होता आणि पाऊस, मजूर, दर हे सगळे सूत्रातून येई.

एएससी ही संघटना 1965 ची. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन 1974 मध्ये आली. विभाग वाढले, विद्यार्थी वाढले, आणि कंपन्यांना पदवीधर हवे होतेच. स्पर्धेचा खर्च आणि प्रश्न दोन्ही कंपन्यांकडून येऊ लागले. एखादी कंपनी स्वतः बांधून पूर्ण केलेला किंवा चालू असलेला प्रकल्प निवडते आणि त्याचे कागद स्पर्धेसाठी तयार करते. तिचेच अनुभवी अंदाजकार आणि प्रकल्प व्यवस्थापक परीक्षक म्हणून बसतात. संगणकी खेळाला हे कधीच जमले नसते, कारण खऱ्या नकाशांत खऱ्या चुका असतात. वास्तुरचनेच्या पानावर भिंत एका ठिकाणी, संरचनेच्या पानावर दुसऱ्या ठिकाणी. ती विसंगती हेरून मालकाला लेखी प्रश्न विचारणे हाही परीक्षेचा भाग.

पुढे करारांच्या पद्धती बदलल्या तशा स्पर्धेच्या शाखाही फुटत गेल्या. कंत्राटदाराने रचनेच्या टप्प्यावरच मालकाला सल्ला द्यायचा आणि नंतर कमाल हमी किमतीत काम करायचे, हा प्रकार 1970 च्या दशकात पसरला. या व्यवसायाची संघटना, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट असोसिएशन ऑफ अमेरिका, 1982 मध्ये स्थापन झाली. डिझाइन-बिल्ड, म्हणजे रचना आणि बांधकाम दोन्ही एकाच कराराने द्यायची पद्धत; तिची संस्था, डिझाइन-बिल्ड इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, 1993 मध्ये आली. 1996 च्या कायद्याने संघराज्य सरकारच्या कामांत दोन टप्प्यांची डिझाइन-बिल्ड निवड मोकळी झाली: आधी पात्रता, मग निवडक कंपन्यांकडून प्रस्ताव. डिझाइन-बिल्ड इन्स्टिट्यूटची विद्यार्थी-स्पर्धा हीच वाट चालते. पात्रतेचा कागद, प्रस्ताव आणि शेवटी समोरासमोर मुलाखत. तिथे सर्वांत कमी किमतीचा संघ हरू शकतो, आणि हे निविदेवर वाढलेल्या विद्यार्थ्याला पचायला जड जाते.

घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेची स्पर्धा आणखी वेगळी. तिथे समस्या काही महिने आधी मिळते आणि व्यवस्थापन प्रस्ताव घरून तयार करून पाठवतात. मग वार्षिक प्रदर्शनात सादरीकरण होते. मोकळा वेळ असल्याने घाईतल्या चुका कमी दिसतात, पण दर चौरस फुटाचे गणित, विक्रीची गती, कर्जाचे व्याज यांना महत्त्व येते. रेनोच्या सोळा तासांत हे विषय क्वचितच खोलवर जातात.

त्या सोळा तासांत काय घडते ते पाहू, कारण बहुतेक नियमांचे मूळ त्यांतच आहे.

पहिला तास वाचनाचा. अनुभवी संघ कागद वाटून घेतो. एक जण फक्त निविदेच्या अटी वाचतो आणि सादर करायच्या प्रत्येक गोष्टीची यादी भिंतीवर लावतो. हा तास वाचवणारे संघ संध्याकाळी पस्तावतात. मग मोजमाप. कामाची वाटणी बहुधा स्पेसिफिकेशनच्या विभागांप्रमाणे होते. 2004 पर्यंत अमेरिकी स्पेसिफिकेशनचे 16 विभाग होते, त्या वर्षी मास्टरफॉरमॅट या प्रमाणित विभागणीची रचना बदलून ते 50 झाले. काँक्रीट अजूनही तिसराच विभाग आहे.

काँक्रीटचेच उदाहरण घ्या. 120 फूट लांब, 80 फूट रुंद, 5 इंच जाड स्लॅब. क्षेत्रफळ 9,600 चौरस फूट, घनफळ 4,000 घनफूट. 27 ने भागले की 148.1 घनयार्ड. 5 टक्के वाया जाणे धरले की सुमारे 156. सोपे वाटते, पण स्लॅबची कडा जाड आहे हे वेगळ्या पानावरच्या तपशीलात असते आणि ते पान दुसऱ्याच्या हातात असते. दुसरी नेहमीची चूक मोजपट्टीची. नकाशा अर्ध्या आकारात छापलेला असून पूर्ण आकाराचे प्रमाण धरले, तर लांबी निम्मी येते आणि क्षेत्रफळ चौथाई. लांबीच्या आकड्यात शंका येते, क्षेत्रफळाच्या आकड्यात ती सहज निसटते. म्हणून नकाशावर लिहिलेले एक माप मोजून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम.

दुपारी शुद्धिपत्रक येते. खऱ्या निविदेत येतेच, म्हणून इथेही. खिडक्यांचा प्रकार बदलला, पायाची खोली वाढली, नवा पर्याय मागितला. दुरुस्ती अंदाजपत्रकात झाली तरी वेळापत्रकात झालेली नसते. शुद्धिपत्रक मिळाल्याची पोच अर्जावर लिहिली नाही तर बोली नियमबाह्य ठरू शकते, मग आकडा कितीही चांगला असो.

उपकंत्राटदारांचे दर संध्याकाळी येतात, कधी परीक्षकच उपकंत्राटदाराच्या भूमिकेत असतात. इथे सर्वांत महाग चुका होतात. तीन विद्युत उपकंत्राटदारांचे आकडे शेजारी ठेवून सर्वांत कमी घेणे पुरेसे नाही. त्याने तात्पुरती वीज धरली आहे का? भिंतीतल्या छिद्रांची अग्निरोधक भराई कोणाकडे? छतावर यंत्र चढवायला क्रेन कोणाची? एकाने वगळले आणि दुसऱ्यानेही वगळले तर ते मुख्य कंत्राटदाराच्या गळ्यात. म्हणून तुलनेचा तक्ता करतात. प्रत्येक कामाची ओळ, प्रत्येक उपकंत्राटदाराचा रकाना, आणि वगळलेल्या ठिकाणी संघाने स्वतःची रक्कम घालायची.

आणखी एक सापळा वेळापत्रक आणि खर्च यांच्या सांध्यात आहे. साइट व्यवस्थापक, कार्यालय, कुंपण, भाड्याची यंत्रे हा खर्च महिन्यांवर चालतो. वेळापत्रकवाला रात्री आठ वाजता 14 महिन्यांचे 16 करतो, कारण लिफ्ट किंवा विद्युत पॅनेल मिळायला उशीर आहे. खर्चवाल्याला कोणी सांगत नाही. 16 महिन्यांच्या त्या खर्चाचा आठवा भाग बोलीतून गायब. परीक्षक हा मेळ सर्वांत आधी तपासतात, कारण त्यासाठी फक्त दोन पाने शेजारी ठेवावी लागतात.

रस्ते-पूल-मातीकामाच्या शाखेत तऱ्हा निराळी. तिथे उपकंत्राटदार कमी, स्वतःची यंत्रे जास्त. 10,000 घनयार्ड माती जागेवरून खणली आणि ती 25 टक्के फुगली तर ट्रकना 12,500 घनयार्ड वाहायची असते. ट्रक भरायला 4 मिनिटे, जायला 9, ओतायला 2, परतायला 7, म्हणजे फेरी 22 मिनिटांची. 22 भागिले 4 म्हणजे साडेपाच, म्हणून सहा ट्रक. पाच घेतले तर खोदयंत्र मधूनमधून रिकामे थांबते, सहा घेतले तर ट्रक रांगेत थांबतात. कोणते थांबणे स्वस्त, हे दर तासाच्या खर्चावर ठरते. फुगवटा विसरणारा संघ इथे एका झटक्यात मागे पडतो.

2000 च्या दशकात त्रिमितीय मॉडेल आले. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीने 2002 मध्ये मॉडेल तयार करणारे रेव्हिट आणि 2007 मध्ये मॉडेल एकत्र करून तपासणारे नॅव्हिसवर्क्स विकत घेतले, आणि पुढे स्पर्धांत मॉडेलची वेगळी शाखा आली. पाइप आणि तुळई कुठे आदळतात ते शोधा, मॉडेलमधून परिमाणे काढा, वेळापत्रकाशी जोडून क्रम दाखवा. अडचण अशी की मॉडेलमध्ये एखादी भिंत छतापर्यंत नेलेली नसते आणि परिमाण मात्र बिनबोभाट मिळते. करारात छापील नकाशे प्रमाण मानले असतील, तर मॉडेलवर विसंबून दिलेल्या किमतीचा बचाव करता येत नाही.

रात्रीच्या शेवटच्या तासात नवे काही करायचे नसते, तरी सगळे काही ना काही करतातच. मधे घातलेली ओळ बेरजेच्या सूत्राबाहेर राहते. अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळत नाही. फाइल वरती चढत असताना वेळ संपते. जाणते संघ शेवटचा अर्धा तास फक्त तपासणीला ठेवतात आणि त्यासाठी दिवसभर अंदाजपत्रकाला हात न लावलेला माणूस बसवतात.

दुसऱ्या दिवशी सादरीकरण. परीक्षक आता मालक होतात. साइटच्या आराखड्यावर बोट ठेवून विचारतात, या क्रेनची पोहोच इथवर असेल तर तिथे पोचल्यावर ती किती वजन उचलेल? वजनाचा तक्ता उघडलेला नसला तर ते लगेच कळते. आदल्या रात्रीची चूक सकाळी सापडली असेल तर ती आधीच कबूल करून तिचा परिणाम किती, हे सांगणारा संघ बहुधा टिकतो. शेवटी अनेक कंपन्या प्रत्यक्ष प्रकल्पाचे आकडे उघड करतात. तेव्हा बोली जवळ आली की नाही यापेक्षा कंपनीने कोणती रक्कम कोणत्या ओळीत धरली होती, यावर विद्यार्थी जास्त वेळ घालवतात. बाहेरच्या दालनात तोवर त्याच कंपन्यांच्या नोकरीच्या मुलाखती सुरू झालेल्या असतात.