मोटारीचा दोर काठावरच का तुटतो?

वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार खाली सोडावी लागते, जळाली तर वर ओढावी लागते. दोर दगा देतो तो नेमका तेव्हाच. तुटलेलं टोक बघा: पाण्यातला भाग बहुधा शाबूत असतो, तुटतो तो काठावर उन्हात पडून राहिलेला.

किलोवर मिळणारा निळा-पिवळा दोर बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो. स्वस्त, कुजत नाही, पाण्यावर तरंगतो. पण उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. दोर पांढुरका पडतो, हात फिरवला की भुकटी लागते. असा दोर कितीही जाड दिसो, बादच. नायलॉन दणकट, पण पाणी पितो. ओला झाला की १० ते १५ टक्के बळ जातं, शिवाय तो लांबतो. पॉलिएस्टर कमी लांबतो आणि ऊनही सोसतो. महाग पडतो, तरी कायम लटकणाऱ्या मोटारीला तोच घ्यावा. अंबाडीचा दोर बैलाच्या कासऱ्याला छान. विहिरीत सतत ओला राहून कुजतो.

आता जाडी. मोटार ४५ किलो, पाइप १५ किलो धरा. पाइपात अडकलेलं पाणी लोक विसरतात: आतून ५० मिलिमीटर रुंद पाइपात दर मीटरला जवळपास २ किलो, म्हणजे २० मीटरला ४० किलो. झाले १००. झटके आणि झीज लक्षात घेऊन दहापट, म्हणजे १००० किलोचा दोर हवा. पण गाठीत दोर कडक वाकतो, बाहेरच्या धाग्यांवरच ताण येतो आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून २००० किलोचा. चांगल्या प्रतीच्या पॉलिप्रोपिलीनमध्ये तो साधारण १२ मिलिमीटरचा येतो. ८ मिलिमीटरवर भागवणं म्हणजे मोटारीशी जुगार.

तीन पदरी पीळदार दोर वजनाखाली उलगडू पाहतो, मोटार गरगर फिरते, केबल पाइपाला गुंडाळली जाते. विणलेल्या दोरात हा ताप नाही.

मोटारीच्या कडीत दोर थेट बांधू नका; मध्ये थिंबल, म्हणजे दोर घासू नये म्हणून त्याच्या वळणात बसवायची खोबणीदार धातूची कडी, घाला. गाठ अशी: दोरात छोटा फास करा, टोक कडीतून आणून फासातून खालून वर काढा, मुख्य दोरामागून वळवून त्याच फासातून खाली घाला, आवळा. पॉलिप्रोपिलीन घसरडं असतं, म्हणून टोक वीतभर तरी मोकळं सोडा. कप्पी दोराच्या जाडीच्या आठपट तरी रुंद हवी, म्हणजे इथे १०० मिलिमीटर. काठाच्या दगडावर जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चढवा.

दरवर्षी दोराची टोकं बदला: वरचं खाली, खालचं वर. काळ्या मातीचा चिखल आत वाळला की त्यातली कचकच धागे आतून कापते. साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. पीळ थोडा उकलून आतही बघा. ओढताना वीज बंद, केबलला ताण नाही, आणि खाली विहिरीत कोणी नाही.

बाद दोर तुकडे करूनच फेका. अख्खा राहिला तर घाईत तोच हाताला लागतो.