सभा खुली, धुरा कोणाकडे? कॉलेजमधल्या ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

कॉलेजमधल्या प्रार्थना गटाची नियमावली करायला बसलं की चर्चा हमखास एका कलमावर अडते. सभेला कोणीही यावं, हे सगळ्यांना मान्य असतं. कमिटीवर कोणी असावं, यावर मात्र एकमत होत नाही. आज दिसणाऱ्या बहुतेक विद्यार्थी गटांची घडण याच प्रश्नातून झाली आहे.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यमस्टाउनच्या कॉलेजातल्या पाच विद्यार्थ्यांनी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून परदेशातल्या सुवार्ताकार्यासाठी प्रार्थना केली. त्याच कॉलेजमधून १८०८ मध्ये पदवी घेतलेला एक तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याच्या मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. मुंबईच्या मिशन शाळा-कॉलेजांची वाट वेगळी होती. तिथे पुढाकार प्राध्यापकांचा, विद्यार्थी ऐकणारे. १८३९ मध्ये पारशी विद्यार्थ्यांच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळेतली मुलं एकदम कमी झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेलं काम आपल्याकडे रुजायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

खरा पेच इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातला. तिथल्या कॉलेजांची संयुक्त ख्रिस्ती संघटना १८७७ ची. पुढे ती एका मोठ्या राष्ट्रीय विद्यार्थी चळवळीत सामील झाली. सर्व पंथांना सामावून घेता यावं म्हणून ही चळवळ आपला पाया रुंद करत गेली आणि पवित्र शास्त्राच्या नव्या चिकित्सेलाही तिने जागा दिली. केंब्रिजच्या मुलांपुढे प्रश्न आला: सोबत राहायचं की विश्वासाच्या मूळ मुद्द्यांवर ठाम राहून बाहेर पडायचं? १९१० मध्ये ही मुलं बाहेर पडली. महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्या चळवळीशी पुन्हा जुळवून घेण्याची बोलणी झाली. ख्रिस्ताचं प्रायश्चित्ताचं रक्त, म्हणजे माणसांच्या पापांसाठी त्याने दिलेलं बलिदान, तुमच्या शिकवणीच्या केंद्रस्थानी आहे का, असं या मुलांनी विचारलं. ते आम्हाला मान्य आहे, पण केंद्रस्थानी असेलच असं नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं आणि बोलणी तिथेच संपली.

अनेकांना हा निव्वळ हट्ट वाटला. बाहेर पडलेला गट लहान होता आणि रुंद चळवळीने पुढे मंडळ्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या, ऐक्यासाठी मोठं काम केलं, हेही खरं. पण विद्यार्थी दर तीन-चार वर्षांनी बदलतात. लेखी विश्वासपत्रक, म्हणजे विश्वासाचे मूळ मुद्दे मांडणारं पत्रक, नसेल तर प्रत्येक नवी कमिटी गटाचा हेतू नव्याने ठरवते आणि दोन-तीन पिढ्यांत प्रार्थना गटाचं चर्चामंडळ होतं. म्हणून १९१० चा निर्णय योग्यच होता. १९२८ मध्ये ब्रिटनमधल्या अशा गटांचा संघ झाला, १९४७ मध्ये हार्वर्डला दहा देशांच्या चळवळी एकत्र आल्या आणि १९५४ मध्ये भारतातल्या गटांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

भारतात या पायावर आणखी एक गोष्ट रचली गेली: काम विद्यार्थ्यांनी चालवायचं आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याचा खर्च त्याच कामातून गेलेल्या पदवीधरांनी उचलायचा. परदेशी पैशावर न विसंबण्याचा हा आग्रह फार मोलाचा ठरला. कार्यकर्ता पाच-सहा कॉलेजं सांभाळतो. प्रत्येक बायबल स्टडी तोच घेऊ लागला की मुलं श्रोते होतात आणि त्याची बदली झाली की गट बसतो. अभ्यास मुलांनी घ्यावा, त्याने आदल्या दिवशी त्यांची तयारी करून घ्यावी.

नवा गट तीन-चार जणांवर सुरू होतो. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, एकच उतारा. उपस्थिती दहा-बाराच्या वर गेली की दोन गट करावेत, नाहीतर नवखा बोलतच नाही. कॉलेज जागा देत नसेल तर जवळच्या चर्चचा हॉल किंवा एखाद्या प्राध्यापकांचं घर बघावं. रविवारची सकाळ मोकळी ठेवावी. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन मंडळीकडेच असावं. हे पाळलं नाही की पाळकांना गट प्रतिस्पर्धी वाटू लागतो आणि घरचा पाठिंबाही जातो.

विश्वासपत्रकाचा वाद अमेरिकेत पुन्हा पेटला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका लॉ कॉलेजने ख्रिस्ती गटाला मान्यता नाकारली, कारण सभा खुल्या असल्या तरी मतदार सदस्य आणि पदाधिकारी यांना विश्वासपत्रकावर सही करावी लागे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियातल्या, तेव्हा २३ कॅम्पस असलेल्या एका सरकारी विद्यापीठानेही पुढे एका ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या गटांची मान्यता काढली. २०१५ मध्ये ती परत मिळाली, कारण पद सर्वांना खुलं ठेवून उमेदवाराला त्याच्या विश्वासाबद्दल विचारण्याची मुभा राहिली.

महाराष्ट्रात सध्याचा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. कमिटीत सगळे टीवायचे असले की मे महिन्यात गट संपतो. म्हणून अध्यक्ष एसवायमधून निवडावा आणि सूत्रं जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षांच्या आधी सोपवावीत. एफवायच्या मुलांना प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्याभरातच गाठावं; त्यानंतर त्यांचे मित्र ठरून जातात. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही पदवीची नवी रचना आली असून ऑनर्ससाठी काही जण चौथं वर्ष थांबतील. त्यांना पद न देता नव्या कमिटीच्या पाठीशी ठेवावं.