मखमलाबादच्या शिवारातलं नवं नगर : पार्श्वभूमी

नाशिकचा मखमलाबाद नाका ओलांडून गावाकडे निघालं की पंचवटीच्या इमारती विरळ होत जातात आणि द्राक्षबागा सुरू होतात. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यानं, म्हणजे इथल्या भाषेत पाटानं, हे शिवार बागाईत केलं. 2016 साली नाशिकची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि मखमलाबाद-हनुमानवाडी भागातल्या सुमारे 750 एकरांवर नवा विभाग वसवण्याचा आराखडा पुढे आला. त्याला नाव मिळालं ‘ग्रीनफिल्ड’. शेतकऱ्यांनी विरोध केला. त्याला हट्ट म्हणणं मला पटत नाही. शहराची वेस याआधी कशी सरकली, हे त्यांच्या घराघरांत ठाऊक आहे.

सर्वांत मोठी उडी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची. गावोगावहून कामगार आले, पण त्यांना परवडतील अशी घरं जुन्या नाशकात नव्हती. 1970 मध्ये नवी मुंबईसाठी स्थापन झालेल्या सिडकोकडे हे काम आलं. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे या गावांच्या शेतजमिनी संपादित झाल्या आणि टप्प्याटप्प्यानं सहा योजना उभ्या राहिल्या. पवननगर, उत्तमनगरच्या पत्त्यांत ‘एन-42’, ‘एन-53’ असे क्रमांक असतात, ते याच आखणीतले. घरं लहान होती. संसार वाढला तसा बाहेरून जिना आला, वर मजला चढला. गल्ल्या मात्र सायकलच्या काळातल्याच राहिल्या. तरीही हजारो कामगार कुटुंबांना हक्काचं छप्पर मिळालं, हे सिडकोचं मोठं काम आहे. ज्यांची शेती गेली त्यांना 1894 च्या कायद्यानं मोबदला एकदाच मिळाला. नंतर चढलेल्या भावात त्यांचा वाटा नव्हता.

दुसरी वाट नगररचना योजनेची, आणि ती सिडकोहून जुनी आहे. मुंबई प्रांतात 1915 सालीच नगररचना कायदा झाला होता. आज ती तरतूद 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आहे. या पद्धतीत जमीन कायमची काढून घेत नाहीत. सगळ्यांचे तुकडे एकत्र करायचे, रस्ते, बागा, शाळा यांची जागा बाजूला काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला आखीव ‘अंतिम भूखंड’ परत द्यायचा. क्षेत्र घटतं, पण रस्त्याला लागलेल्या भूखंडाचा भाव वाढतो, आणि त्या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाकडून खर्चापोटी घेता येतो. टिळकवाडीकडच्या मिळकतींच्या कागदांवर ‘फायनल प्लॉट’ हा शब्द सापडतो, तो याच पद्धतीचा. मखमलाबादला हीच वाट सुचवली होती.

मग विश्वास का बसला नाही? 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची वीसहून अधिक खेडी मिळून महापालिका झाली. पहिली निवडणूक 1992 मध्ये झाली, म्हणजे पहिली दहा वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. 1993 च्या विकास आराखड्यानं या खेड्यांच्या शेतांवर उद्यान, शाळा, रस्ता अशी आरक्षणं टाकली. आरक्षण पडलं की शेतकऱ्याला ना मनासारखं बांधता येतं, ना नीट विकता येतं. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर 1966 च्या त्याच कायद्याच्या कलम 127 ची, ‘जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस देता येते, पण त्यासाठी वकील लागतो, खेटे घालावे लागतात. पुढचा आराखडा आला तो थेट 2017 मध्ये. एवढ्या काळात गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पाडले गेले, आणि ड्रेनेज नसलेल्या कॉलन्या आधी, नियोजन नंतर, असा क्रम पडला.

म्हणून नगररचना योजना हवी, असं माझं मत आहे. गुंठेवारीपेक्षा ती शंभर पटींनी बरी. मात्र भूखंड कुठे, किती आणि कधी मिळणार हे शेतकऱ्याला संमतीआधी लेखी कळलं पाहिजे. मूळ तुकडा आणि अंतिम भूखंड एकाच जागी येतील असं नसतं. विहीर, पाइपलाइन आणि उभी द्राक्षबाग जागची हलत नाही, आणि नव्या जागी बाग लावली तरी हाती पीक यायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं.