जागेवर दुखलं नाही, तर भरपाई नाही?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज सांगतो: गाडीच्या अपघातात जागेवर काही दुखलं नाही, तर नंतर भरपाई मागता येत नाही. हे खरं नाही. धक्क्याच्या क्षणी शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, वेदना दबते. मागून धडक बसली की मान बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी आखडते. दाव्यात पाहतात ते इजा अपघातामुळेच झाली का. म्हणून लवकर तपासून घ्या, केसपेपरवर अपघाताची तारीख आणि धडक कुठून बसली ते लिहून घ्या. खरं नुकसान होतं घाईच्या सहीने. विम्याच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम तडजोड' (म्हणजे यापुढे आणखी भरपाई मागणार नाही) असे शब्द दिसले, तर उपचारांचा अंदाज येईपर्यंत कृपया थांबा. दाव्याला मुदत असते, ती वकिलाला आधीच विचारा.