रीमेक वेगळा, पुनरागमन वेगळं

‘ती मालिका परत येतेय’ अशी बातमी वाचली की मी आधी एकच गोष्ट शोधते : नट जुने की नवे? जुनेच असतील आणि गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं चालणार असेल, तर ते पुनरागमन. नट नवे आणि गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायची असेल, तर तो रीमेक. बातम्यांत दोन्हींना ‘परत येणं’च म्हणतात. जाहिरातीतही दोन्हींच्या मागं तीच जुनी शीर्षकधून वाजते. मग प्रेक्षकही दोन्हींना एकाच पट्टीनं मोजतात आणि ‘मूळची सर नाही’ म्हणून मोकळे होतात. मला हे दोघांवरही अन्यायाचं वाटतं, कारण दोघं आपल्याला वेगवेगळी वचनं देतात.

या दोन्ही वाटा एकाच मालिकेसमोर उभ्या राहिल्या होत्या. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ १९७८ साली अमेरिकेत सुरू झाली आणि एका पर्वानंतर बंद पडली. सायलॉन नावाचे यंत्रसैनिक माणसांच्या बारा वसाहती उद्ध्वस्त करतात आणि वाचलेले थोडे लोक जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वी शोधायला निघतात, अशी ती गोष्ट. त्यात कॅप्टन अपोलोचं काम रिचर्ड हॅच यांनी केलं होतं. वीस वर्षं झाली तरी मालिका त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी स्वतः खटपट करून पुढच्या गोष्टीची एक छोटी चित्रफीत बनवली आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवली. तेच जग, तीच माणसं, फक्त वयानं वाढलेली. स्टुडिओनं ती वाट धरली नाही. २००३ मध्ये रोनाल्ड डी. मूर यांनी नवे नट घेऊन गोष्ट पहिल्यापासून मांडली. हॅच त्यावर उघडपणे नाराज होते.

हॅच विचारत होते, ‘अपोलोचं पुढं काय झालं?’ मूर विचारत होते, ‘एका दिवसात जवळपास सगळी मानवजात पुसली गेली, तर उरलेली माणसं कशी वागतील?’ पहिला प्रश्न फक्त त्यालाच पडतो, ज्यानं अपोलोवर जीव लावला आहे. दुसरा कुणालाही पडू शकतो, मूळ मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्यालासुद्धा. पुनरागमन आठवणीच्या जोरावर उभं राहतं. रीमेकला आठवणीशिवायही उभं राहता आलं पाहिजे.

मूळ मालिकेनं हा दुसरा प्रश्न उभा तर केला होता, पण त्याच्याशी ती फार वेळ थांबली नाही. एवढा संहार झाल्यावर पहिल्याच कथेत वाचलेली मंडळी एका ग्रहावरच्या झगमगत्या जुगारघरात पोचतात. शोक कुठं गेला, हे कुणी विचारत नाही. त्या काळच्या टीव्हीला ते चालत होतं. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर दोनच वर्षांनी आलेल्या नव्या मालिकेला मात्र तसं पुढं जाता आलंच नसतं. तिथं किती माणसं उरली याचा आकडा फळ्यावर लिहिलेला असतो आणि कुणी मेलं की तो बदलतो. सायलॉन आता परग्रहावरून आलेले नाहीत, माणसांनीच बनवलेले आहेत आणि त्यांतले काही हुबेहूब माणसासारखे दिसतात. स्टारबक हा जुगारी वैमानिक पूर्वी डर्क बेनेडिक्ट होता, आता ती केटी सॅकहॉफ झाली. जुन्या चाहत्यांनी या बदलावर बराच गदारोळ केला. माझ्या मते त्याहून फार मोठा होता तो सायलॉनांच्या जन्मातला बदल, कारण त्यामुळं संकट बाहेरून आलेलं राहिलं नाही, ते आपल्याच हातून घडलेलं झालं.

रीमेक मूळच्या तोडीचा होऊ शकतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच ‘हो’ आहे. पण तसं होतं ते मूळ मालिकेनं काही देणं बाकी ठेवलेलं असेल तेव्हा. ज्या मालिकेची कल्पना मोठी होती पण पैसा, वेळ किंवा धाडस कमी पडलं, ती रीमेकसाठी उत्तम. जी मालिका आपलं म्हणणं पुरतं सांगून गेली, तिच्यात नव्या माणसाला हात घालायला जागाच नसते. दुर्दैवानं निर्माते नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या मालिका उचलतात, कारण नाव त्यांचंच मोठं असतं.

‘द प्रिझनर’चं असंच झालं. १९६७ साली ब्रिटनमध्ये आलेली ही सतरा भागांची मालिका. नोकरीचा राजीनामा दिलेल्या एका हेराला एका देखण्या गावात आणून डांबतात. तिथं कुणाला नाव नाही, फक्त आकडा आहे. हा नंबर सहा. त्याला बोलतं करायचं काम नंबर दोनचं. मुख्य नट पॅट्रिक मॅकगूहन हेच या मालिकेमागची मुख्य शक्ती होते, आणि त्यांनी एक विलक्षण युक्ती वापरली : जवळपास दर भागात नंबर दोन नवा असायचा. कधी गोड बोलणारा, कधी क्रूर, कधी बाई. माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते. सत्तेला चेहरा नसतो, हे एकही संवाद न लिहिता प्रेक्षकाच्या मनात उतरायचं.

२००९ चा रीमेक सहा भागांचा होता. जिम कॅविझेल नंबर सहा आणि इयान मॅकेलन नंबर दोन, सहाही भागांत. मॅकेलनसारखा नट मिळाल्यावर त्याला एका भागात संपवून कसं चालेल, हा हिशेब मला समजतो. पण त्यामुळं गोष्टीचा पायाच सरकला. बिनचेहऱ्याच्या यंत्रणेशी चाललेला झगडा दोन माणसांचं द्वंद्व होऊन बसला. भरीला नव्या मालिकेनं शेवटी ते गाव म्हणजे काय, हेही उलगडून सांगितलं. मूळ मालिकेनं शेवट असा केला होता की लोक आजही त्यावर वाद घालतात. ते कोडं हीच तिची ताकद होती. रीमेकनं कोडं सोडवलं आणि हातात काही उरलं नाही. चित्रीकरण नामिबियात केलेलं, वाळवंट सुंदर, अभिनय चांगला. तरीही मूळचा धसका नाही, कारण तो ज्या रचनेतून येत होता तीच काढून टाकली होती.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे जसंच्या तसं उतरवून घेणं. ‘द ऑफिस’ या ब्रिटिश मालिकेचा अमेरिकी अवतार २००५ मध्ये आला, तेव्हा पहिल्या भागाची पटकथा बहुतांशी मूळचीच होती. तेच विनोद, तेच प्रसंग. पाहताना सारखं वाटत राहतं की हे कुणाचं तरी उसनं अंगरखं घातलंय. मूळ मालिकेतला रिकी जर्व्हेस यांचा साहेब केविलवाणा होता आणि मालिका त्याला दया दाखवत नव्हती. बारा भाग आणि दोन भागांचा नाताळ विशेष, एवढ्यात गोष्ट संपणार होती, त्यामुळं तो कडवटपणा पेलला गेला. अमेरिकी मालिकेला वर्षानुवर्षं चालायचं होतं. दुसऱ्या पर्वापासून लेखकांनी स्टीव्ह कॅरेल यांच्या साहेबात एक एकटं, प्रेमाला भुकेलेलं माणूस घातलं आणि मालिका स्वतःच्या पायावर उभी राहिली. पुढं ती दोनशेच्या वर भाग चालली. देश बदलला, मुक्काम लांबला, की शब्द तेच ठेवून भागत नाही.

१९७५ ची ‘वन डे ॲट अ टाइम’ घ्या. घटस्फोट घेतलेली आई दोन मुलींना एकटीनं वाढवतेय, हेच तेव्हा अमेरिकी टीव्हीवर नवं होतं. २०१७ च्या रीमेकला त्या गोष्टीचं नवलच उरलं नव्हतं. म्हणून तिथली आई क्यूबन वंशाची, सैन्यातून परतलेली परिचारिका आहे. युद्धानं दिलेली अस्वस्थता घेऊन ती घर चालवते आणि घरात देश सोडून आलेली आजीही आहे. मूळ निर्माते नॉर्मन लिअर वयाच्या नव्वदीत या नव्या मालिकेच्याही निर्मात्यांत होते. घर बदललं, माणसं बदलली, पण ‘एकट्या बाईच्या खांद्यावर आज नेमकं काय काय आहे?’ हा प्रश्न जागचा हलला नाही. रीमेकनं जपायचं ते हेच. गाजलेली वाक्यं आणि पोशाख त्यानं जपले नाहीत तरी चालतं.

आता पुनरागमनाकडं वळते. त्याचं मोठं भांडवल म्हणजे काळ, आणि तो विकत मिळत नाही. ‘ट्विन पीक्स’ १९९१ साली संपली तेव्हा नायक एजंट कूपर एका अनाकलनीय जागेत अडकलेला होता आणि त्याचं रूप घेतलेला दुष्ट जोडीदार बाहेर सुटला होता. त्याच शेवटच्या भागात लॉरा पामर, जिच्या खुनापासून गोष्ट सुरू झाली ती, कूपरला सांगते की पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू. २०१७ मध्ये डेव्हिड लिंच यांनी अठरा भाग स्वतः दिग्दर्शित करून मालिका परत आणली. कूपर झालेले काइल मॅकलॅकलन आणि लॉरा झालेल्या शेरिल ली यांच्या चेहऱ्यांवर खरोखरीची पंचवीस वर्षं होती. कुठलाही रंगभूषाकार असं म्हातारपण देऊ शकत नाही. ओंडका छातीशी धरून फिरणाऱ्या बाईचं काम करणाऱ्या कॅथरीन कोल्सन गंभीर आजारी होत्या. त्यांनी आपले प्रसंग चित्रित केले आणि २०१५ मध्ये त्या गेल्या. पडद्यावर ती बाई आपलं मरण जवळ आल्याचं फोनवर सांगते, तेव्हा पात्र कुठं संपलं आणि माणूस कुठं सुरू झाला, हे सांगता येत नाही. तो प्रसंग मी दोनदाच पाहिलाय, तिसऱ्यांदा पाहायचा धीर झालेला नाही.

रीमेकमध्ये नट मिळाला नाही तर दुसरा घेतात. पुनरागमनाला ती सोय नाही. गावच्या शेरीफचं, म्हणजे पोलीसप्रमुखाचं, काम करणारे जुने नट या वेळी आले नाहीत, तर लिंच यांनी शेरीफला आजारी ठरवून गावाबाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ आणला. रिकामी जागा रिकामीच दिसू दिली.

आणि हेच पुनरागमनाचं मोठं संकटही आहे. प्रेक्षकाला वाटतं, जुनी माणसं आली म्हणजे जुनी संध्याकाळही परत येईल. लिंच यांनी तो हट्ट पुरवला नाही. आपला कूपर खऱ्या अर्थानं शुद्धीवर येतो तो थेट सोळाव्या भागात. कित्येकांना ही वाट पाहणं असह्य झालं. मला तो लिंच यांचा प्रामाणिकपणा वाटतो. पंचवीस वर्षं गेली आहेत तर गेल्याचं जाणवू द्यायचं. ज्या पुनरागमनांत सगळे त्याच सोफ्यावर, त्याच विनोदांसाठी जमतात आणि दार उघडून कुणी आत आलं की टाळ्या पडतात, तिथं पहिल्या भागात डोळे भरून येतात आणि चौथ्या भागापर्यंत काही उरत नाही.

‘डॉक्टर हू’ या वर्गवारीत बसत नाही. १९६३ पासून चाललेली ही ब्रिटिश मालिका १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परतली. गोष्ट पुढंच चालली होती, तरी नायकाचं, म्हणजे ‘डॉक्टर’चं, काम करणारा नट नवा होता. कारण १९६६ मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हाच लेखकांनी ठरवून टाकलं होतं की डॉक्टर मरणाच्या दारात शरीर बदलतो. अडचणीतून काढलेल्या त्या एका पळवाटेनं मालिकेला स्वतःचा रीमेक स्वतःच करत राहायची मुभा मिळाली.

आणखी एक गोष्ट दरवेळी यात मिसळली जाते. २०२४ ची ‘शोगुन’ ही १९८० च्या मालिकेचा रीमेक म्हणून ओळखली गेली, पण दोन्ही जेम्स क्लॅव्हेल यांच्या कादंबरीतून आल्या आहेत. १९८० मध्ये जपानी संवाद बहुतेक भाषांतराशिवायच ठेवले होते, म्हणजे प्रेक्षक जपानात येऊन पडलेल्या परक्या खलाशाइतकाच गोंधळायचा. २०२४ मध्ये मालिकेचा मोठा भाग जपानीतच आहे, खाली भाषांतर आहे, आणि आपण जपानी सरदारांच्या बाजूनं पाहतो. ही एकाच पुस्तकाची दोन वाचनं आहेत. रामायण-महाभारतावरच्या नव्या मालिकांना दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकांचे रीमेक म्हणतात, तिथंही हाच घोटाळा होतो. मूळ महाकाव्य आहे, १९८७ ची किंवा १९८८ ची मालिका नाही. अर्थात, अरुण गोविल यांचा राम डोक्यात पक्का बसलेल्या प्रेक्षकाला हे पटवणं अवघड, आणि ते मी समजू शकते.

हॅच यांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मूर त्यांना भेटले, बोलले, आणि नव्या ‘गॅलॅक्टिका’त त्यांना टॉम झॅरेक हे काम दिलं. अपोलो नव्हे. झॅरेक हा बंडखोर कैदी. पहिल्या पर्वात तो कैद्यांचं जहाज ताब्यात घेतो, लोकांना ओलीस धरतो आणि निवडणुका मागतो. कैद्यांना कामावर घ्यायला ताफ्यातर्फे आलेला आणि ओलिसांत सापडलेला असतो नवा कॅप्टन अपोलो, जेमी बॅम्बर. एका खोलीत समोरासमोर दोन अपोलो : एकाचे केस पिकलेले, हातात बंडाचा झेंडा, दुसरा तरुण, गणवेशात. जुनी मालिका न पाहिलेल्याला तिथं फक्त एक कैदी आणि एक अधिकारी दिसतो, आणि तेवढ्यावरही तो प्रसंग पुरता उभा राहतो.