पात्र-ॲनिमेशनसाठी मोशन कॅप्चर : शिक्षण आणि सराव

माणसाच्या अंगाची हालचाल यंत्राने टिपून ती संगणकातल्या पात्राच्या सांगाड्यावर चढवण्याच्या तंत्राला मोशन कॅप्चर म्हणतात. मुंबईतल्या स्टुडिओंत आणि ॲनिमेशनच्या वर्गांत त्याला सर्रास ‘मोकॅप’ म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे. अंगाच्या मोकॅपमध्ये शेवटी हाती लागतात ते आकडे : कोणत्या क्षणी कोणता सांधा कुठे होता आणि किती वळला होता. नवशिक्याची गफलत इथेच होते. हालचाल टिपली की ॲनिमेशन झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मेहनत त्यानंतरची असते आणि शिकायचे असते ते मुख्यतः तिथेच.

कल्पना बरीच जुनी आहे. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख चढवून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि त्याच्या चालीचे टप्पे एकाच काचेवर टिपले. मॅक्स फ्लायशर यांनी चित्रीत केलेल्या माणसावरून चित्रे गिरवण्याचे यंत्र, म्हणजे रोटोस्कोप, बनवले. त्याचे पेटंट १९१७ चे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलेली गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी पाहावी. अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे दहा-बारा ठिपके तेवढे दिसत होते. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला काहीच उमगत नसे. ते हलू लागताच चालणारा माणूस दिसे. पुढे १९८१ मध्ये रुनेसन आणि फ्रिकहोल्म यांच्या प्रयोगांत, नुसत्या ठिपक्यांवरून उचललेली पेटी किती जड आहे याचाही अंदाज लोकांना आला. म्हणजे वजन हालचालीत दिसते, आणि ते खोटे असेल तर तेही दिसते. भारतात हे तंत्र मोठ्या पडद्यावर लक्षात राहिले ते रजनीकांत यांच्या २०१४ च्या ‘कोचडैयान’मुळे.

हालचाल टिपण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. प्रकाशीय पद्धतीत अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखावर चाळीस ते साठ परावर्तक गोळ्या, म्हणजे मार्कर, लावतात आणि भोवतीचे अवरक्त कॅमेरे त्यांची जागा टिपतात. अचूकता सर्वांत जास्त, पण मोठी मोकळी जागा आणि महागडे कॅमेरे लागतात. दुसऱ्या पद्धतीत पोशाखातच जडत्वाच्या तत्त्वावर चालणारे, म्हणजे वेगातला बदल आणि वळण मोजणारे सेन्सर असतात, पूर्ण अंगासाठी साधारण १७. कॅमेरा लागत नाही, म्हणून मुंबईतल्या लहान जागेत ही पद्धत सोयीची वाटते; पण हे सेन्सर दिशेसाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही आधार घेतात. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कपाट, शेजारची लिफ्ट यांमुळे तो आधार बिघडतो आणि सरळ चाललेला माणूस पडद्यावर तिरका जातो. तिसरी पद्धत मार्करशिवाय, साध्या व्हिडिओवरून. बहुतेक मुले हल्ली इथूनच सुरुवात करतात : इमारतीची गच्ची, स्टँडवर मोबाइल आणि समोर मित्र. एकाच कॅमेऱ्याला खोली, म्हणजे अंग त्याच्यापासून किती दूर आहे, ते नीट कळत नाही, अंगामागे गेलेला हात संगणक अंदाजाने बसवतो आणि सैल झब्ब्यात गुडघा सापडत नाही. तरीही सुरुवात म्हणून ही पद्धत चांगलीच म्हणावी लागेल, कारण चुका भराभर दिसतात आणि खर्च जवळपास शून्य. कॅमेराच नसेल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठाने हालचालींचा मोठा संग्रह मोफत खुला ठेवला आहे. ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर ब्लेंडरही मोफत मिळते.

पहिला धडा बहुधा चालण्याचा असतो आणि पहिली तक्रारही ठरलेली : “पाय सरकतोय.” पात्र चालते, पण टेकलेला पाय जमिनीवर घसरत राहतो. कारण सरळ आहे. कोन नटाच्या, म्हणजे ज्याची हालचाल टिपली त्याच्या, सांध्यांचे; पाय मात्र पात्राचे. पात्राचे पाय लांब असतील तर त्याच कोनांत पाऊल लांब पडते, पण कंबर पुढे जाते ती नटाच्याच मापाने. या दोहोंतला फरक घसरण्यातून बाहेर पडतो. म्हणून आधी कंबरेचा प्रवास पायांच्या लांबीच्या प्रमाणात वाढवायचा आणि मग पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत तो एका जागी बांधून ठेवायचा. पाय कोणत्या फ्रेमला टेकला हे मात्र डोळ्यांनीच ठरवावे लागते. सॉफ्टवेअर सुचवते, पण टाचेऐवजी चवड्यावर उतरणाऱ्या चालीत ते हमखास चुकते.

लेझीम घेतली की शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते. सेकंदाला १२० फ्रेमने टिपलेला दहा सेकंदांचा तुकडा म्हणजे १,२०० फ्रेम. चित्रपटाच्या २४ च्या गतीला त्यातली प्रत्येक पाचवी उरते. खेळाडू वाकून खाली बसतो तेव्हा पोटाजवळचे मार्कर झाकले जातात, आणि तो उठेपर्यंत कंबर कुठे होती याची नोंदच नसते. ती पोकळी भरताना सरळ रेषा ओढली तर बैठक लिफ्टसारखी एकसारखी खाली जाते. खरा खेळाडू आधी झपकन बसतो, तळाशी क्षणभर दाबतो आणि मग उसळतो. दुसरी अडचण हातांची. दोन्ही हातांत लेझीम एकच, तेव्हा मुठींमधले अंतर तालाच्या हिशेबानेच कमी-जास्त व्हायला हवे. रुंद खांद्यांच्या पात्रावर तेच कोन चढवले की मुठी फाकतात आणि साखळी रबरासारखी ताणली जाते. यावर उपाय म्हणजे दांडा उजव्या मुठीला बांधायचा, डावी मूठ साखळीवरच्या पकडीला, आणि कोपरांना त्यामागून येऊ द्यायचे. टिपलेल्या आकड्यांतली थरथर काढण्यासाठी हालचालीचा आलेख गुळगुळीत करणारा फिल्टर सगळ्या अंगाला सरसकट लावू नये. लेझमीचा झटका आलेखात टोकासारखा दिसतो आणि थरथरीबरोबर तोही पुसला जातो. नवखे हात हीच चूक सर्वांत जास्त करतात, आणि नुकसान मोठे असते, कारण ताल त्या टोकातच होता.

दहीहंडीचा थर हा त्याहून अवघड सराव. खांद्याला खांदा भिडलेल्या गोविंदांचे मार्कर एकमेकांच्या आड जातात, म्हणून थर लावून एकत्र टिपणे फारसे जमत नाही; एकेकाला वेगळे टिपावे लागते. खालच्याला नुसते उभे करून टिपले तर तो पडद्यावर रिकामाच उभा दिसतो. त्याच्या खांद्यांवर खरोखरीचे वजन ठेवले, अगदी तांदळाची गोणी का असेना, की मान आत जाते, पोटऱ्या थरथरतात, श्वास लहान होतो, आणि हे सारे आकड्यांत आपोआप उतरते. वरच्याला खांद्याच्या उंचीच्या मजबूत चौथऱ्यावर चढवून टिपतात. मग संगणकात त्याची पावले खालच्याच्या खांद्यांना बांधतात. एवढ्यावर दोघे एकाच लाकडाचे केल्यासारखे डुलतात. खालच्याचा खांदा आधी दबायला हवा आणि वरच्याचा गुडघा त्यानंतर दोन-तीन फ्रेमनी वाकायला हवा. ही उशिराची प्रतिक्रिया कोणत्याच टेकमध्ये नसते. टिपलेल्या हालचालीवर सॉफ्टवेअरमधला वेगळा लेयर घेऊन ती हाताने, कीफ्रेम टाकून, म्हणजे निवडक फ्रेमना पात्राची स्थिती स्वतः ठरवून, भरावी लागते.