समतोल उपनगर आणि स्वयंपूर्ण उपनगर: दिसायला जुळी, ट्रॅफिक मात्र वेगळं

आधी एक छोटा हिशोब. एका उपनगरात काम करणारे १०,००० लोक राहतात आणि त्याच हद्दीत १०,००० नोकऱ्या आहेत. कागदावर झकास, माणशी एक नोकरी. आता धरा की त्या १०,००० पैकी २,५०० जणच तिथल्या तिथे कामाला आहेत. मग सकाळी ७,५०० बाहेर चाललेत आणि उरलेल्या ७,५०० खुर्च्यांवर बसायला तेवढेच लोक बाहेरून आत येतायत, म्हणजे वेस ओलांडणाऱ्या एकूण १५,००० फेऱ्या, आणि या फक्त सकाळच्या. शेजारच्या उपनगरात एकही नोकरी नाही, नुसती घरं, तिथून बाहेर पडतात १०,०००. झालं की उलटं, ऑफिसं आणली तिथेच वेशीवर जास्त गर्दी! (आत येणारे ते ७,५०० नाहीतर दुसरीकडे कुठेतरी गेलेच असते, हे मान्य, त्यामुळे हे अख्ख्या शहराचं गणित नाही, वेशीचं आहे. पण आपण अडकतो ते वेशीवरच्या सिग्नललाच ना.)

तर घोळ इथे आहे. समतोल म्हणजे नोकऱ्यांचा आकडा आणि कामकरी रहिवाशांचा आकडा जवळपास सारखा असणं. स्वयंपूर्ण म्हणजे तिथे राहणारा माणूस खरंच तिथेच काम करतो. पहिल्यात नोकऱ्या आणि माणसं नुसती मोजायची, दुसऱ्यात कोणता माणूस कोणत्या नोकरीवर जातो ते बघायचं. नवीन वसाहतीच्या जाहिरातीत, नगररचनेच्या आराखड्यात, पुढाऱ्यांच्या भाषणात पहिलं दाखवतात आणि ऐकणारा दुसरं समजून घरी जातो.

ही सरमिसळ आजची नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली नवी शहरं वसवायची ठरली तेव्हा त्यासाठी नेमलेल्या समितीपुढे ध्येयच असं ठेवलं होतं की ही शहरं स्वयंपूर्ण आणि समतोल असावीत. दोन्ही शब्द एका दमात. त्यातल्या समतोलमध्ये सगळ्या थरातले लोक एकत्र राहावेत हाही अर्थ होता, पण पुढे लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलं. सुरुवातीला ते जमलंही बऱ्यापैकी, कारण स्टीव्हनेजसारख्या शहरांत घर बहुतेक करून तिथल्या कारखान्यात काम लागलं तरच मिळायचं. घराची किल्ली नोकरीला बांधलेली. नंतर लोकांनी घरं विकत घेतली, गाड्या घेतल्या, नोकऱ्या बदलल्या आणि ती गाठ सैल होत गेली. १९६९ मध्ये रे थॉमस नावाच्या अभ्यासकाने या शहरांसाठी एक सोपं माप वापरलं, शहराच्या आतल्या आत कामाला जाणाऱ्या फेऱ्या भागिले वेस ओलांडणाऱ्या फेऱ्या. आपल्या हिशोबातल्या उपनगराला लावा, २,५०० भागिले १५,०००, म्हणजे एक षष्ठांश. नोकऱ्या-घरांचं गुणोत्तर मात्र तिथे अगदी एकास एक आहे.

मग जवळ नोकरी असून लोक तिथे का जात नाहीत? सगळ्यात मोठं कारण म्हणजे घरात कमावणारे दोघं असतात. एकाचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्याचं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि घर तर एकच घेता येतं. वर नोकरी दर तीन-चार वर्षांनी बदलणारे बरेच, घर कोण बदलतंय तेवढ्यांदा, मुलांची शाळा असते, म्हातारे आईवडील असतात, घर विकायचं तर टॅक्स आणि कागदपत्रांचा वेगळा ताप. कॅलिफोर्नियात तर १९७८ पासून असा नियम आहे की जुन्या मालकाच्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, पण घर विकलं गेलं की नव्या मालकाला चालू बाजारभावाने कर. म्हणजे जुन्या घरात चिकटून राहण्याचं सरकारी बक्षीसच, ऑफिस कितीही लांब गेलं तरी.

आणि पगार. हा मुद्दा सगळे विसरतात. हजार नोकऱ्या आणि हजार घरं आहेत, पण नोकऱ्या हाउसकीपिंगच्या, गोडाऊनमधल्या आणि घरं मात्र मॅनेजर लोकांना परवडतील अशी, तर आकडा जुळतो आणि माणूस एकही जुळत नाही. मॅनेजर बाहेर जाणार, झाडू मारणारा बाहेरून येणार, आणि दोघं एकाच पुलावर एकमेकांच्या समोरून जाणार.

कंपनीने स्वतःच गाव वसवलं तर? तिथे मात्र स्वयंपूर्णता जवळपास पूर्ण. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने १८८० च्या दशकात कामगारांसाठी असं गाव बांधलं, घरं कंपनीची, दुकानं कंपनीच्या इमारतीत. कामाला जायचं ट्रॅफिक शून्य म्हणा ना. पण १८९३ ची मंदी आली, कंपनीने मजुरी कापली आणि घरभाडं तेवढंच ठेवलं, पगार देणारा आणि भाडं घेणारा एकच, जाणार कुठे? १८९४ मध्ये संप झाला तो देशभरातल्या रेल्वेपर्यंत पोचला. तेव्हा स्वयंपूर्णता जास्त म्हणजे चांगलंच असं धरू नका, कधी कधी तिचा अर्थ लोकांना दुसरा पर्याय नाही एवढाच असतो. लांबची नोकरी धरता येणं ही पण एक सोय आहे, ट्रॅफिकमध्ये शिव्या घालताना ते आठवत नाही ही गोष्ट वेगळी.

अजून एक गंमत. स्वयंपूर्णता किती हे तुम्ही हद्द कुठे आखता त्यावर अवलंबून आहे. वॉर्ड धरला तर जवळपास सगळेच बाहेर जातात, अख्खा जिल्हा धरला तर बहुतेक सगळे आतच काम करतात. त्यामुळे कोणी टक्का सांगितला की आधी विचारायचं, हद्द कोणती? या हद्दींच्या भानगडीत अर्थतज्ज्ञ पण अडकलेत. १९८२ मध्ये ब्रूस हॅमिल्टनने दाखवलं की अमेरिकन शहरांत लोक कामासाठी जेवढं जातात ते अर्थशास्त्राच्या मॉडेलप्रमाणे (म्हणजे प्रत्येकाने प्रवास कमीत कमी होईल असंच घर-नोकरी निवडलं असं धरून) लागणाऱ्या अंतराच्या साधारण आठपट आहे. १९८८ मध्ये मिशेल व्हाइटने नोकऱ्या आणि घरं प्रत्यक्ष जिथे आहेत तिथेच धरून परत मोजलं तर जास्तीचं अंतर निघालं प्रत्यक्ष प्रवासाच्या फक्त ११ टक्के. आठपट कुठे आणि ११ टक्के कुठे! नंतर लक्षात आलं की मोजायचे विभाग मोठे घेतले की आतल्या आत होणारी उलटसुलट धावपळ दिसतच नाही, म्हणून आकडा लहान येतो.

आता सगळ्यात मजेशीर भाग. समजा उपनगर समतोल झालंय पण स्वयंपूर्ण नाही. सगळं फुकट गेलं का? स्टॉकहोमजवळचं व्हेलिंगबी बघा, १९५४ मध्ये उघडलं. काम, घर आणि केंद्र तिन्ही एका ठिकाणी अशी कल्पना, आणि अपेक्षा अशी की तिथल्या निम्म्या कामकऱ्यांना तिथेच काम मिळेल. तसं झालं नाही, प्रत्यक्षात प्रमाण बरंच कमी राहिलं, सकाळी लोंढे बाहेर आणि लोंढे आत. पण ते लोंढे मेट्रोने जात होते. आणि दोन्हीकडे नोकऱ्या असल्यामुळे गाड्या जातानाही भरलेल्या आणि येतानाही भरलेल्या, नुसत्या झोपायच्या उपनगरासारखं नाही की सकाळी एका दिशेला दारात लटकायचं आणि परतीच्या गाडीत डबेच्या डबे रिकामे. म्हणजे समतोलाचा फायदा झाला, फक्त ज्यासाठी आणला होता तो नाही.

उलट टोकाला ब्रिटनमधलं नवं शहर मिल्टन कीन्स, १९६७ मध्ये जाहीर झालेलं. तिथेच राहून तिथेच काम करणारे भरपूर, पण साधारण एकेक किलोमीटरवर मोठे रस्ते आखलेले आणि सगळं पसरलेलं, त्यामुळे तीन किलोमीटरवरच्या कामाला पण लोक गाडीच काढतात. रॉबर्ट सर्व्हेरो या नगररचनेच्या अभ्यासकाने ब्रिटन आणि स्वीडनच्या नव्या शहरांची अशी तुलना केली तेव्हा हेच दिसलं की शहर किती स्वयंपूर्ण आहे यावरून लोक कशाने प्रवास करतात हे ठरत नाही.

म्हणून मला विचाराल तर उपनगरात कोणीतरी मोठी कंपनी येणार या बातमीने ट्रॅफिकच्या बाबतीत लगेच खूश व्हायचं कारण नाही. मोठा स्पेशलाइज्ड कॅम्पस त्याला लागणारी माणसं अख्ख्या महानगरातून ओढतो, त्याला शेजारचा पिनकोड पुरत नाही. शाळा, दवाखाना, दुकानं, दुरुस्तीची गॅरेजं यांची माणसं त्यामानाने जवळपासचीच असतात, कारण तेवढ्या पगारात लांबून येणं परवडत नाही, अर्थात त्यांना परवडतील अशी घरं जवळ असली तर. उद्घाटनाला फीत मात्र कॅम्पसचीच कापली जाते.

आणि कंपनीच्या हातात जागेशिवायही बरंच काही असतं, कामाची वेळ, बस, आणि मुख्य म्हणजे फुकट पार्किंग, जे प्रत्यक्षात फक्त गाडीवाल्यालाच मिळणारं पगाराव्यतिरिक्तचं अनुदान आहे. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा झाला की काही ठरावीक कंपन्यांनी पार्किंग नको असलेल्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. पार्किंगचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड शूपने अशा आठ कंपन्या तपासल्या, त्यात एकट्याने गाडी घेऊन येणारे १७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ऑफिसं होती तिथेच होती, आणि पैसे घेण्यासाठी कोणाला घर बदलावं लागलं नव्हतं.